गणित, रसायन आणि आता पेटंट : आधी एलएलबी की आधी क्लेम?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. अमरावतीला पीसीएम घेऊन बीएस्सी केलं, मग गणितात एमएस्सी. दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवलं, पण मन रमेना. पुन्हा रसायनशास्त्रात एमएस्सी आणि सेंद्रिय रसायनात पीएच.डी. केली. गेली तीन वर्षं वाळूजच्या एका औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आहे. कंपनीच्या दोन पेटंट अर्जांवर संशोधक म्हणून माझं नाव आहे. त्यांचे मसुदे तपासताना मला प्रयोगापेक्षा जास्त मजा आली. आता याच कामात जावंसं वाटतं. एलएलबीला प्रवेश घेऊ का? घरचे म्हणतात, अजून किती शिकणार? गणितातली वर्षं फुकट गेली असंच धरायचं का? न्यू जर्सीतली बहीण अमेरिकेची पेटंट परीक्षा दे म्हणते. नोकरी कधी सोडावी?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एलएलबीचा फॉर्म तूर्त भरू नका आणि राजीनामाही देऊ नका. पेटंटच्या कामाला वकिलीची पदवी लागतेच असा समज सगळीकडे पसरलेला आहे. त्यापायी दरवर्षी कितीतरी विज्ञानवाले तीन वर्षं संविधान, करार कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहिता वाचतात आणि शेवटी एकही क्लेम (शोधावरच्या हक्काची हद्द आखणारं पेटंटमधलं वाक्य) न लिहिता बाहेर पडतात.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ प्रमाणे पेटंट एजंट व्हायला भारताचं नागरिकत्व, २१ वर्षं पूर्ण आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. त्यानंतर पेटंट एजंट परीक्षा पास व्हावी लागते. एलएलबीचा त्यात उल्लेख नाही. परीक्षा पास झालात की फॉर्म २२ भरून नोंदणी होते. मग तुम्ही अशिलाच्या वतीने अर्ज दाखल करू शकता, पेटंट कार्यालयाच्या आक्षेपांना उत्तर देऊ शकता आणि कंट्रोलरसमोर (पेटंट द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) हिअरिंगला उभ्या राहू शकता. कोर्टात मात्र नाही. उल्लंघनाचा दावा किमान जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात चालतो. कंट्रोलरच्या निर्णयावरची अपिलंही २०२१ मध्ये अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून उच्च न्यायालयात जातात. तिथे सनद असलेला वकीलच लागतो. म्हणजे एलएलबी लागते ती कोर्टासाठी, आणि तुम्हाला मजा आली ती मसुद्यात. या दोन कामांना माणसं वेगळी लागतात, हे मोठ्या फर्ममध्ये कोणीही सांगेल.

आता परीक्षा. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, १०० गुणांचा. दुसरा स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं वर्णन आणि क्लेम असलेला दस्तऐवज, लिहिण्याचा आणि वाचण्याचा, तोही १०० गुणांचा. शेवटी ५० गुणांची तोंडी. दोन्ही लेखी पेपरांत प्रत्येकी किमान ५० हवेत आणि एकूण ६० टक्के, म्हणजे २५० पैकी १५०. गणितवाल्या आहात तर हिशोब करून बघा : लेखीत ५०-५० काठावर आले, तर तोंडीत पन्नासपैकी पन्नास मिळवावे लागतील. ते होत नाही. लेखीतच १२० च्या वर जाण्याची तयारी ठेवा.

ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही. २०१८ नंतर थेट २०२२ मध्ये झाली, मग २०२३ मध्ये, आणि त्यापुढची जानेवारी २०२५ मध्ये. नोकरी सोडून परीक्षेची वाट बघत बसायचं नाही ते यासाठी. परीक्षा पास व्हायच्या आधीही फर्ममध्ये किंवा कंपनीच्या आयपी (बौद्धिक संपदा) विभागात काम करता येतं. सही नोंदणीकृत एजंटची असते, मसुदा तुमचा असतो. बहुतेकांची सुरुवात अशीच होते.

पहिला पेपर पाठांतराने निघतो, पण पाठांतर ताज्या नियमांचं हवं. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. अर्जाच्या परीक्षणाची विनंती पूर्वी प्राधान्य तारखेपासून (त्या शोधाचा पहिला अर्ज झाला त्या तारखेपासून) ४८ महिन्यांत करता येत असे, आता नव्या अर्जांना ३१ महिनेच मिळतात. पेटंट वापरात आहे की नाही हे सांगणारा फॉर्म २७ दरवर्षी भरावा लागे, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा. बाजारात मिळणारी गाइडं आणि जुन्या नोट्स अजून ४८ महिनेच शिकवतात. आधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा कायदा आणि नियम वाचा, गाइड नंतर.

माणसं आपटतात ती दुसऱ्या पेपरात, आणि पीएच.डी. झालेली जास्त आपटतात. शोधनिबंध लिहिण्याची सवय इथे उलटी पडते. निबंधात आपण सर्वोत्तम निकाल पुढे करतो : ‘७२ अंश सेल्सिअसला ९१ टक्के उतारा मिळाला.’ पेटंटच्या क्लेममध्ये हेच वाक्य घातलं तर प्रतिस्पर्धी ६८ अंशांवर तीच प्रक्रिया चालवेल आणि तुमच्या हद्दीबाहेर राहील. क्लेम म्हणजे खरेदीखतातली जमिनीची चतुःसीमा. जमिनीत पीक कुठलं छान येतं, ते तिथे लिहीत नाहीत.

मग मर्यादा किती ताणायची? समजा ६० ते ८० अंश. त्यासाठी ६० ला आणि ८० ला केलेले प्रयोग वर्णनात असलेच पाहिजेत. शिवाय ५० ला प्रक्रिया अर्धवट राहते आणि ९० ला अशुद्धी वाढते, हे दाखवणारे प्रयोग असले तर सोन्याहून पिवळं, कारण मग ही मर्यादा मनाने धरलेली नाही हे परीक्षकाला दिसतं. प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये असे फसलेले बॅच ढिगाने होतात आणि अहवालात त्यांना एक ओळही मिळत नाही. ते शोधून काढून संशोधकाकडून आकडे मिळवणं हे ड्राफ्टिंग करणाऱ्याचं निम्मं काम आहे. आणि ते तुम्हाला जमेल, कारण रिअॅक्टरजवळ काय काय बिघडतं ते तुम्ही बघितलेलं आहे. नुसता वकील ‘अजून डेटा आहे का?’ एवढंच विचारतो. तुम्ही विचाराल, ‘८५ ला डायमर किती टक्के दिसला?’

गणिताकडे येऊ. पदवी म्हणून ते वाया गेलेलं नाही, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. ‘गणितामुळे तर्कशुद्ध विचार येतो’ असलं वाक्य मुलाखतीत कोणी मनावर घेत नाही. अल्गोरिदमच्या पेटंटकडे वळायचा विचार असेल तर कलम ३(के) वाचा. गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना आपल्याकडे पेटंट मिळत नाही. त्या बाजूला इंजिनिअर मंडळींची गर्दी आहे आणि तुमच्या जवळचं खरं भांडवल रसायन आहे. रसायनाच्या आतच गणित जिथे लागतं, अशा तीन जागा सांगतो.

पहिली, मार्कुश क्लेम. सेंद्रिय रसायनात एक सामान्य सांगाडा काढतात आणि त्यावर ‘आर-१ हा अमुकपैकी एक, आर-२ हा तमुकपैकी एक’ असं लिहितात. आर-१ ला ६ पर्याय, आर-२ ला ८, आर-३ ला ५ आणि साखळीची लांबी ० ते ३, म्हणजे ४ पर्याय. गुणाकार ९६०. प्रयोगशाळेत बनवलेली संयुगं असतात चौदा-पंधरा. आता परीक्षक विचारणार की उरलेली सव्वानऊशेच्या वर संयुगंही काम करतील हे कशावरून? आणि दुसरं, जास्त महागात पडणारं : चार वर्षांनी कंपनीला त्या ९६० पैकीच एक संयुग औषध म्हणून सापडलं आणि त्याचा वेगळा अर्ज केला, तर ‘हे आधीच उघड झालं होतं’ म्हणून कंपनीचंच जुनं पेटंट तिच्या अंगावर येतं. व्याप्तीत येणं वेगळं आणि उघड केलेलं असणं वेगळं, यावर भारतातल्या कोर्टांत वर्षानुवर्षं युक्तिवाद झाले आहेत. सांगाडा रुंद ठेवायचा की अरुंद, हा निर्णय पहिल्या मसुद्यात घ्यावा लागतो. तो घेण्याआधी गुणाकार करून बघणारे लोक कमी आहेत.

दुसरी जागा टक्केवारीची. एखाद्या मिश्रणाचा क्लेम असा येतो : क्ष ४० ते ६० टक्के, य ३० ते ५० टक्के, झ १५ ते २५ टक्के, एकूण १००. दिसायला ठीक आहे. पण क्ष ६० घेतला, तर य किमान ३० आणि झ किमान १५ धरून बेरीज १०५ होते. म्हणजे क्ष ५५ च्या वर कधी जाऊच शकत नाही. तसंच य ५० घेतला तर ४० आणि १५ मिळून पुन्हा १०५, म्हणजे यची खरी कमाल ४५. झ २५ घेतला तर ४०, ३० आणि २५ मिळून ९५, तिथे अडचण नाही. नियम सोपा आहे. कुठल्याही एका घटकाची कमाल आणि बाकीच्यांची किमान मिळून १०० च्या वर जाता कामा नये. आणि कुठल्याही एकाची किमान आणि बाकीच्यांची कमाल मिळून १०० च्या खाली राहता कामा नये. युरोपात परीक्षक हे तपासतात आणि क्लेम अस्पष्ट ठरवतात. अर्ज दाखल झाल्यावर वर्णनात नसलेले नवे आकडे घालता येत नाहीत, म्हणून ही चूक पहिल्याच दिवशी पकडावी लागते.

तिसरी जागा सिनर्जीची, म्हणजे घटक एकत्र आल्यावर अपेक्षेपेक्षा जास्त परिणाम मिळण्याची, आणि इथे रसायनवाले हमखास घसरतात. कलम ३(ई) म्हणतं की घटकांच्या गुणधर्मांची नुसती बेरीज देणाऱ्या मिश्रणाला पेटंट नाही. दोन तणनाशकं घ्या. एकटं अ ६० टक्के तण मारतं, एकटं ब ५० टक्के. दोन्ही मिळून ८५ टक्के मेलं. अर्जदार आनंदाने ‘सिनर्जी’ लिहितो. अपेक्षित किती होतं? ६० आणि ५० ची सरळ बेरीज ११०, तिला अर्थच नाही. कृषी-रसायनांच्या पेटंटमध्ये १९६७ पासून कॉल्बीचं सूत्र वापरतात : दोन्हींची बेरीज वजा दोन्हींचा गुणाकार भागिले शंभर. म्हणजे ११० वजा ३०, बरोबर ८०. मिळाले ८५. जास्तीचे पाच टक्के खरे आहेत की वाफ्यावाफ्यातला फरक, हे किती पुनरावृत्ती केल्या आणि त्यांच्यात चढउतार किती होता यावर ठरतं. तीन वाफ्यांत ७८, ८५ आणि ९२ आले असतील तर त्या पाचांवर अर्ज उभा करू नका. संशोधकाला परत पाठवा आणि सांगा, अ आणि ब चे डोस कमी करून पुन्हा करा. दोन्ही एकटे वीस-तीस टक्क्यांच्या आसपास असतील तेव्हा सिनर्जी असली तर ठळक दिसते. ऐंशीच्या वर गेल्यावर वाढायला जागाच उरत नाही.

औषधांच्या बाजूला रोजचा सामना कलम ३(डी) शी. ओळखीच्या पदार्थाचा नवा क्षार, नवा स्फटिकरूप, एस्टर, शुद्ध रूप, कणांचा वेगळा आकार, यांपैकी काहीही आणलंत तर गुणकारिता वाढल्याचं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यातल्या १ एप्रिल २०१३ च्या निकालात औषधांच्या बाबतीत ही गुणकारिता म्हणजे रोगावरची गुणकारिता असा अर्थ लावला. इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगाच्या औषधाच्या बीटा स्फटिकाची जैवउपलब्धता (शरीरात शोषलं जाण्याचं प्रमाण) ३० टक्के जास्त असल्याचा दावा होता, तो पुरा पडला नाही. तुमच्या खात्यात ‘विद्राव्यता सुधारली, साठवणीत टिकाऊपणा वाढला’ असे अहवाल पुष्कळ निघत असतील. तिथे दोन वाटा असतात. एक, रोगावरच्या परिणामाचा डेटा मागवायचा. दोन, पदार्थाचा नाद सोडून प्रक्रियेचा क्लेम करायचा, कारण ३(डी) चा पदार्थाबद्दलचा अडसर नव्या प्रक्रियेला तसा लागू होत नाही. दुसरी वाट कमी दिमाखदार, पण प्रोसेसवाल्यांसाठी बहुतेक वेळा तीच खरी.

स्फटिकरूपाचे क्लेम आलेच तर एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या (स्फटिकाची ओळख पटवणाऱ्या क्ष-किरण चाचणीच्या) शिखरांचे आकडे लिहिताना अधिक-उणे ०.२ अंशांची सवलत विसरू नका आणि उपकरणाचं रेडिएशन कोणतं ते नोंदवा. पंचवीस शिखरं क्लेममध्ये कोंबणारा मसुदा कच्चा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या नमुन्यात त्यातलं एक जरी दिसलं नाही, तरी उल्लंघन सिद्ध करणं जड जातं. ठळक पाच-सहा क्लेममध्ये, बाकीची तक्त्यात.

आता रोजची तयारी. इनपास या पेटंट कार्यालयाच्या मोफत शोधसेवेत अर्ज, पहिला परीक्षण अहवाल (परीक्षकाचे आक्षेप) आणि त्याला दिलेलं उत्तर, सगळी फाइल उघडता येते. रसायनातला, मंजूर झालेला, दहाबारा पानांचा अर्ज निवडा. क्लेमची पानं झाकून फक्त वर्णन आणि उदाहरणं वाचा. स्वतः क्लेम १ लिहा, मग त्याला लागून तीन-चार अवलंबी क्लेम, म्हणजे क्लेम १ वर आणखी अट घालणारे. मगच मूळ क्लेम उघडा. तुमच्यात आणि मूळ क्लेममध्ये काय वेगळं निघालं ते वहीत लिहा. तुमच्या क्लेममध्ये जास्तीची अट कोणती घुसली? सुरुवातीला हमखास घुसते, कारण प्रयोगात वापरलेलं द्रावक, ढवळण्याचा वेग, धुण्याची पद्धत, सगळं महत्त्वाचं वाटतं. मग परीक्षण अहवाल वाचा आणि उत्तर न पाहता आपलं उत्तर लिहा. आठवड्याला एक फाइल एवढाच वेग ठेवा. अहवाल मिळाल्यापासून उत्तर द्यायला सहा महिने असतात आणि विनंती करून तीन महिने वाढतात. प्रत्यक्षात अशिलाकडून सूचना पाचव्या महिन्यात येतात, त्यामुळे घाईत नीट लिहिण्याची सवयही याच सरावातून होईल.

शोधाचा सराव त्याच्या जोडीने. एस्पेसनेट आणि पेटंटस्कोप ही जगभरातली पेटंटं शोधायची संकेतस्थळं फुकट आहेत. नुसत्या शब्दांनी शोधू नका, वर्गीकरणाने शोधा. विषमचक्री संयुगं सी०७डी मध्ये, सेंद्रिय घटक असलेली औषधं ए६१के ३१ मध्ये, उत्प्रेरण बी०१जे मध्ये. शब्द आणि वर्ग एकत्र लावले की हजारो निकालांचे दीडशे-दोनशे होतात, आणि तेवढे माणूस वाचू शकतो. रचना काढून शोधायची महागडी साधनं तुमच्या विद्यापीठात किंवा कंपनीत असतील तर हात साफ करून घ्या. फर्ममध्ये ती येतात हे सांगितलं की मुलाखत घेणारा सरळ बसतो.

निकाल वाचायचे तर आधी तीन पुरेत. संशोधक पायरीसाठी (शोध जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा, या अटीसाठी) १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद खटला. ३(डी) साठी नोवार्टिस. आणि नेक्झावार या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवायची मुभा) देणारा मार्च २०१२ चा आदेश. हा मुंबईतल्या पेटंट कार्यालयातून निघाला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचं औषध नॅटको या भारतीय कंपनीला ८,८०० रुपयांच्या आसपास विकायची मुभा मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१४ मध्ये उचलून धरला. तोंडी परीक्षेत यातलं काही ना काही विचारतात.

नोकरी कुठे शोधायची यावर एक सावधगिरी. पुण्या-मुंबईत पेटंट शोध आणि विश्लेषण करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत, तिथे प्रवेश लवकर मिळतो. पण काही ठिकाणी तीन-तीन वर्षं नुसते तक्ते भरून घेतात आणि ड्राफ्टिंग हातात येत नाही. मुलाखतीत थेट विचारा : पहिल्या वर्षी मी किती पूर्ण स्पेसिफिकेशन लिहीन, आणि ती कोण तपासेल? उत्तर गोलमाल आलं तर पुढे जा. कंपनीचा आयपी विभाग तुम्हाला जास्त मानवेल असा आमचा कौल आहे, आणि सध्याच्याच कंपनीत बदली मागून बघणं सगळ्यात स्वस्त. दोन अर्जांवर नाव आहे, त्या विभागातली माणसं तुम्हाला ओळखतात. आठवड्यातले दोन दिवस तिकडे बसू द्या, अशी लेखी विनंती करा.

सरकारी बाजूही आहे. पेटंट परीक्षकाचं पद गट अ, राजपत्रित, वेतनस्तर १०. रसायनासाठी पदव्युत्तर पदवी लागते, ती आहे. परंतु वयोमर्यादा साधारण ३५ ची, आणि भरती काही वर्षांच्या अंतराने निघते. तुमच्या हातात फार तर एखादी संधी आहे. जाहिरात आली तर सोडू नका, पण तिच्यावर विसंबूनही राहू नका. परीक्षक म्हणून दहा वर्षं काम केलेल्याला नोकरी सोडल्यावर परीक्षा न देता एजंट म्हणून नोंदणी मिळते, हा त्यातला मोठा फायदा. नव्या परीक्षकांचं प्रशिक्षण नागपूरच्या बौद्धिक संपदा संस्थेत होतं, म्हणजे अमरावतीहून फार लांब नाही.

एलएलबीचा विचार एजंट झाल्यावर दोनेक वर्षांनी करा, तोही हिअरिंगला जाऊन बोलण्याची गोडी लागली तरच. पदवीला ४५ टक्के असले की खुल्या वर्गातून राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाता येतं. हजेरीची अट ७० टक्क्यांची आहे. घरबसल्या मिळणाऱ्या पदवीवर सनद मिळत नाही, तसल्या जाहिरातींना भुलू नका. पगारी पूर्णवेळ नोकरीत असताना वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे कंपनीतच राहायचं ठरलं तर त्या सनदेचा उपयोग मर्यादित. पेटंटच्या पदविका अभ्यासक्रमांचंही तसंच. शिस्त लागावी म्हणून करायचे तर करा, पण त्यांनी एजंट परीक्षेतून सूट मिळत नाही.

घरच्यांना सांगायला सोपं उत्तर आहे. या वाटेवर नवं कॉलेज नाही, नवी फी नाही, पगार चालू आहे, आणि एक परीक्षा आहे. बायोडेटातही वाट लपवू नका. गणिताची एमएस्सी गाळली तर चार वर्षांचं भगदाड दिसतं आणि त्यावरच प्रश्न येतात. वर एकच ओळ लिहा : ‘सेंद्रिय रसायनात पीएच.डी., गणितात एमएस्सी, औषधनिर्मितीच्या प्रक्रियांचा तीन वर्षांचा अनुभव, दोन पेटंट अर्जांत संशोधक.’ आइन्स्टाइन १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कार्यालयात होते, हे मुलाखतीत ऐकवू नका. समोरच्याने ते त्याच आठवड्यात ऐकलेलं असतं.

नमुना म्हणून काय दाखवायचं, याचं मात्र भान ठेवा. कंपनीचे अप्रकाशित मसुदे, बॅचचे आकडे, अंतर्गत मेल, यातलं काहीही दुसऱ्या मुलाखतीत नेऊ नका, नावं खोडूनही नाही. गुप्तता पाळणं हीच या धंद्यातली पहिली परीक्षा आहे, आणि कंपनीशी केलेला करार नोकरी सुटल्यावरही बांधून ठेवतो. वर सांगितलेल्या सरावातले, प्रकाशित अर्जांवरून तुम्ही स्वतः लिहिलेले क्लेम दाखवा. तुमच्या प्रबंधात पेटंटजोगं काही होतं असं मनात असेल तर तो विषय सोडून द्या. प्रबंध शोधगंगेवर (विद्यापीठांच्या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर) चढला की तो जगासाठी प्रायर आर्ट, म्हणजे आधीच उघड झालेली माहिती, झाला, तुमच्यासाठीसुद्धा.

राहिला बहिणीचा सल्ला. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची परीक्षा १०० बहुपर्यायी प्रश्नांची आणि सहा तासांची असते, आणि तिलाही वकिलीची पदवी लागत नाही. पात्र पदव्यांच्या त्यांच्या पहिल्या यादीत रसायनशास्त्र आहे, गणित नाही. तिथे तुमची दुसरी एमएस्सीच कामाला येईल. पण अमेरिकी नागरिक नसलेल्याला ती परीक्षा द्यायला तिथे कायदेशीर वास्तव्य आणि असं काम करण्याचा परवाना असावा लागतो. संभाजीनगरात बसून ती देता येत नाही, आणि बहिणीकडे पर्यटक व्हिसावर जाऊनही नाही. अमेरिकी अर्जांचे मसुदे मात्र इथे बसून, तिथल्या नोंदणीकृत वकिलाच्या हाताखाली, पुण्या-मुंबईतल्या फर्म रोज लिहितात. त्यात एक गोष्ट पाळावी लागते. शोधकर्ता भारतात राहणारा असेल तर कलम ३९ प्रमाणे आधी परवानगी घ्यायची, किंवा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. हे चुकलं तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, आणि शिक्षेची तरतूदही आहे. तुमच्या नावाचे ते दोन अर्ज परदेशात गेले असतील तर त्यांची फाइल काढून ही परवानगी कोणत्या तारखेला घेतली ते बघा. आयपी विभागात जाऊन बोलायला तेवढं निमित्त पुरेल.